मागील बाजू: विशेष काही नाही

साहेबांचा शिपाई झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आला आणि पोचल्याची सही मागू लागला, तेव्हा माझ्या उजव्या हातात ब्रश होता, म्हणून मी डाव्या हाताने सही केली. ही तुमची सही वाटत नाही, असं तो म्हणाला. चालवून घे बाबा, मी म्हटलं. कागद कुठल्याशा दाव्याचे होते, संग्रहालयातलं एक चित्र आपल्या घरचं आहे असा कोणा बाईचा. असे दावे वर्षाला एखाददुसरे येतात, माहितीसाठी सगळ्या खात्यांतून फिरतात, आणि आम्ही 'पाहिले' असं लिहून पुढे ढकलतो. तेवढं लिहावं म्हणून पान उलटलं आणि चौथ्या परिच्छेदापाशी अडकलो. 'चित्रात उजवीकडे खाली, चादरीच्या पांढऱ्या घडीवर, नखाएवढं भोक आहे. ते माझ्या धाकट्या भावाने विणायच्या सुईने पाडलं. आईने ते मागून निळ्या दोऱ्याने रफू केलं. सात टाके आहेत.' ब्रशवरचा रंग वाळून कडक होईपर्यंत मी तो तसाच हातात धरून बसलो होतो. सात टाके होते हे मला ठाऊक होतं, कारण ते एकेक करून चिमट्याने मीच उपसले होते, एकतीस वर्षांपूर्वी, याच टेबलावर. ही गोष्ट माहीत असलेली दोनच माणसं होती. त्यातले एक, मला हे काम शिकवणारे मास्तर, कधीच वारले. आता ही बाई कुठून उपटली, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. लाज वाटावी असाच होता, पण पहिला तोच आला.

चित्र तसं साधं आहे. खिडकीजवळ उभी राहून एक बाई चादरीची घडी घालते आहे. चादरीचं दुसरं टोक कोणी धरलंय ते दिसत नाही, ते चौकटीच्या बाहेर राहिलंय. काढणाऱ्याला हयातीत कोणी विचारलं नाही आणि मेल्यावर सगळ्यांना त्याचा पुळका आला. आता त्याच्या नावाचं आमच्याकडे एक दालन आहे, आणि ही चादरवाली बाई पोस्टकार्डांवर, पिशव्यांवर, प्रवेशाच्या तिकिटावरसुद्धा छापलेली आहे. मी दुरुस्त केली तेव्हा ती कोणीच नव्हती. एका दलालाकडून घेतलेल्या सात-आठ चित्रांपैकी एक. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, चार वर्षं तात्पुरता म्हणून राबत असलेला, आणि घरी बायकोला सातवा महिना. मास्तरांनी हे चित्र माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, भोक भर, दिसता कामा नये, मग बघू तुझ्या कायमपणाचं. पांढरा रंग जुळवण्यासारखी कटकट दुसरी नाही. चादर पांढरी म्हणून आपण पांढरा घ्यावा तर तो त्या चादरीवर पाल पडल्यासारखा उठून दिसतो. त्या पांढऱ्यात खिडकीतलं आकाश होतं, बाईच्या हाताचा तांबूसपणा होता, आणि खाली कुठेतरी जुन्या तेलाचा पिवळेपणा होता. तीन आठवडे मी भोकाच्या कडेचा एकेक तुटका धागा दुसऱ्याशी जुळवून चिकटवला, खडू आणि सरसाने खळगा भरला, आणि वर पांढऱ्याचे अकरा हात दिले. शेवटच्या दिवशी मास्तर भिंग घेऊन आले, पाच मिनिटं शोधत राहिले आणि भलत्याच जागी बोट ठेवून म्हणाले, इथं ना? तेवढा आनंद मला पुढे मुलगा झाल्यावरही झाला नाही. हे बायकोला कधी बोललो नाही, पण खरं आहे.

तेव्हापासून रोज सकाळी कामावर येताना मी त्या दालनातून वळसा घालून येतो. पहारेकऱ्यांना वाटतं म्हातारा चित्रावर फिदा आहे. मी फक्त माझा पांढरा बघतो. भरलेला रंग काही वर्षांनी बदलतो, पिवळा पडतो किंवा करडा, आणि मग आजूबाजूच्या रंगात एकटा पडून चुगली करतो. मोठमोठ्यांचं काम असं उघडं पडलेलं मी पाहिलंय. माझं पडलं नाही. एकतीस वर्षं तो पांढरा तसाच, इमानदार. आता वाटतं, थोडा पिवळा पडला असता तर काय बिघडलं असतं? कोणीतरी विचारलं असतं की इथं काय झालं होतं. माझी सगळी हुशारी माझ्याच अंगाशी आली होती आणि तक्रार करायची तर कोणाकडे.

शिवाय तो अहवाल. आमच्याकडे प्रत्येक चित्राचा एक अहवाल असतो, पुढील बाजू, मागील बाजू, आधीची दुरुस्ती, आताची दुरुस्ती. मी मनापासून सगळं लिहिलं होतं, निळ्या दोऱ्यासकट, टाक्यांसकट. धाग्याचे तुकडे कागदाच्या पुडीत घालून वर क्रमांकही टाकला होता, कारण काढलेली कुठलीही वस्तू फेकायची नाही हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मास्तरांनी तो अहवाल वाचला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि कोरा फॉर्म माझ्यासमोर सरकवला. दलालाने लिहून दिलं होतं की चित्र थेट चित्रकाराच्या सामानातून आलंय, कोणाच्याही घरी गेलेलं नाही. तेव्हाच्या साहेबांनी संग्रहालयाच्या समितीला तेच सांगितलं होतं. मास्तर आवाज न चढवता म्हणाले, "रफू म्हटलं की घर आलं. घर म्हटलं की माणसं आली. आपल्याला फक्त चित्र हवंय ना?" मी नवीन फॉर्म भरला. आधीची दुरुस्ती: नाही. मागील बाजू: विशेष काही नाही. पुडी कचऱ्याच्या टोपलीत गेली. आणि मागून टाक्यांच्या बारीक खुणा दिसत होत्या त्यावर मास्तरांनी मला संग्रहालयाची चिठ्ठी चिकटवायला सांगितली, आमचं नाव आणि नोंद क्रमांक असलेली. चिठ्ठी नेहमी मागच्या लाकडी पट्टीवर लावतात. कापडावर चिठ्ठी चिकटवणारा माणूस आमच्यात अडाणी समजला जातो. मी चिकटवली, आणि तीन दिवसांनी कायम झालो. पेढे वाटल्यासारखं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, ते आठवलं की आज कानशिलं तापतात.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांना इस्त्री करत होती. तिने ऐकून घेतलं, इस्त्री फिरवत राहिली. मग विचारलं की त्या बाईकडे दुसरा काही पुरावा आहे का. काही नाही, मी म्हटलं. तासाभरात घर सोडायला लावलं होतं त्यांना, एकेक पेटी घेऊन. ज्यांनी घर ताब्यात घेतलं त्यांनी आतलं सगळं बेवारस म्हणून विकलं. फोटो नाहीत, पावती नाही. फक्त हे भोक. बायको म्हणाली, "एकतीस वर्षं गप्प बसलात, आणि आता निवृत्तीपर्यंतचे पाच महिने बसवत नाही तुम्हाला?" यात टोमणा किती आणि खरा प्रश्न किती हे इतक्या वर्षांनीही मला कळत नाही. मी चिडून म्हटलं की हे सगळं तुझ्या आणि पोराच्या काळजीपोटीच केलं होतं. तिने इस्त्री उभी ठेवली. "माझ्या नावावर नका खपवू," ती म्हणाली. "मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीत." तिने माझाच सदरा इस्त्रीसाठी घेतला.

दावा करणारी बाई मला गुरुवारी दिसली. त्या दिवशी प्रवेश मोफत असतो. सत्त्याहत्तर वर्षांची, पायात पुरुषी वाटावेत असे जाडजूड बूट, कोट हातावर टाकलेला. चित्रासमोर सगळे उभे राहतात तशी ती उभी नव्हती. ती भिंतीला गाल लावून, एका डोळ्याने फ्रेम आणि भिंत यांच्या फटीत बघायचा प्रयत्न करत होती. पहारेकरी तिला मागे व्हायला सांगत होता आणि ती होते होते म्हणून तिथेच होती. मी जवळ गेलो, गळ्यातलं ओळखपत्र सदऱ्याच्या आत सारून. ती आपणहूनच बोलायला लागली. हे आमच्या जेवणाच्या खोलीत होतं, म्हणाली, माझ्या खुर्चीच्या मागे. भोक बुजवलंय यांनी. इतकं छान बुजवलंय की मलाच शंका यायला लागली, चित्र हेच का. कोणी केलं असेल हो हे काम? मी म्हटलं, असेल कोणीतरी. "हात चांगला आहे," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आईचाही चांगला होता." भावाविषयी मी विचारलं. घर सोडावं लागलं त्याच प्रवासात तो गेला, आठ वर्षांचा, तापाने. तिने हे सांगितलं आणि पुन्हा त्या फटीकडे बघू लागली. मला तिथून पळावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. आयुष्यात मला मिळालेली सगळ्यांत खरी शाबासकी मी नेमकी तिच्याच तोंडून ऐकली होती, आणि तिला सांगू शकत नव्हतो की अहो, तो मीच.

सोमवारी मी साहेबांकडे गेलो. रात्रभर जुळवलेली वाक्यं जिन्यातच विसरलो आणि एकदम सांगून टाकलं, भोक होतं, रफू होतं, मी खोटं लिहिलं. साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, नेटके, कोणावर ओरडत नाहीत. त्यांनी वकीलबाईंना बोलावून घेतलं. वकीलबाईंनी माझा जुना अहवाल उघडला, सहीवर बोट ठेवलं आणि ही तुमचीच ना, असं विचारलं. माझीच. मग त्यांनी फार समजुतीने विचारलं की इतक्या वर्षांत मी किती चित्रं दुरुस्त केली असतील. हजारभर. मग एखाद्याची गफलत होऊ शकते, नाही का? मी म्हटलं, तुम्ही स्वतःच्या पोरांची नावं विसरता का? त्या हसल्या. मी म्हटलं, फोटो काढा क्ष-किरणांनी, भरलेलं भोक लख्ख दिसेल, अर्ध्या तासाचं काम. त्यावर कळलं की दावा समितीने ग्राह्य धरल्याशिवाय चित्राची तपासणी करता येत नाही. आणि दावा ग्राह्य कधी धरतात? तपासणीत काही आढळलं तर. मी दोनदा विचारलं, माझंच ऐकण्यात काही चुकतंय का. चुकत नव्हतं. साहेबांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. "तुम्हीच सांगा," ते म्हणाले, "आम्ही कुठल्या तुम्हाला खरं मानायचं? सही केलेल्या, की आता बोलताय त्या?" मग चहा आला. माझी निवृत्ती जवळ आली आहे, निरोपाच्या समारंभात बोलायला कोणाला बोलवावं, असं ते विचारत होते. मी चहा प्यायलो. तो पिऊन उठलो याचाच मला पुढे कितीतरी दिवस संताप येत होता.

ते दिवस फार वाईट गेले. कागदाच्या तिढ्यात इतकी वर्षं घालवूनही मला कळलं नव्हतं की मीच लिहिलेली एक ओळ माझ्यापेक्षा वजनदार होऊन बसेल. मी हात पुसायच्या फडक्यावर राग काढला, रंगाच्या बाटल्या आदळल्या, दार नीट लागत नाही म्हणून सुताराशी भांडलो. समितीला पत्र लिहिलं, त्याचं उत्तर आलं की पत्र पोचलं. दुसरं लिहिलं, तेही पोचलं. एकदा तर वाटलं की पहाऱ्याची पाळी बदलताना सरळ जाऊन चित्रातल्या त्या जागेवर अंगठा दाबावा. पण हात धजला नाही, कारण तो पांढरा मला अजूनही सुंदर दिसत होता. हेच खरं दुखणं होतं. चित्र त्या बाईचं होतं यात मला तीळमात्र शंका नव्हती. चित्र आमच्याकडे नसावं असंही वाटत होतं. पण ते नखाएवढं वर्तुळ माझं होतं, माझ्या सबंध नोकरीत मी केलेली एकमेव वस्तू जिला मी माझी म्हणू शकलो असतो, आणि ती दाखवायची तर मोडायला हवी होती. साहेब चित्र सोडायला तयार नाहीत म्हणून मी आकांडतांडव करत होतो आणि स्वतः तेवढंसं सोडायला तयार नव्हतो. हे लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये होतो. शेजारच्या माणसाने विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, वाटेल.

आमच्या धंद्यात एक गोष्ट चांगली आहे. आपण जे काही भरू ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे, मूळ रंगाला धक्का न लावता. म्हणून भरायचा रंग वेगळा असतो, कापसाच्या ओल्या बोळ्याने उतरणारा. मास्तरांनी बाकी काहीही शिकवलं असलं तरी हे नीट शिकवलं. आणि नियमात असंही आहे की स्वतः भरलेला रंग बदललेला दिसला तर तो उतरवून पुन्हा भरायला दुरुस्ती करणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही, साधी चिठ्ठी पुरते. मी चिठ्ठी लिहिली: 'चादरीवरील भरलेला रंग पिवळा पडला आहे.' धडधडीत खोटं. तो जराही पडला नव्हता. एक खोटं उतरवण्यासाठी मला दुसरं लिहावं लागलं आणि आश्चर्य म्हणजे या खोट्यावर मात्र कोणी शंका घेतली नाही. बुधवारी सकाळी चित्र माझ्या टेबलावर आलं. गुरुवारी लोकांना काचेपलीकडून आमचं काम बघता येतं, म्हणून मी एक दिवस थांबलो. गुरुवारी दालनात रिकाम्या जागेसमोर ती बाई उभी होती. भिंतीवरच्या दोन खिळ्यांकडे बघत होती. मी ओळखपत्र बाहेर काढलं आणि तिला म्हटलं, "बाई, वर चला. ते काम मीच केलंय." ती माझ्याकडे बघत राहिली, मग कोट सावरून चालू लागली. जिन्यात एकदा थांबली, धाप लागली म्हणून.

नियमाप्रमाणे तिला काचेपलीकडे उभं करायला हवं होतं. मी तिला माझ्या स्टुलावर बसवलं. आधी चित्र पालथं केलं. चिठ्ठीवर ओला टिपकागद ठेवला, वीस मिनिटं थांबलो. तेवढ्या वेळात मी तिला सगळं सांगितलं, मास्तर, फॉर्म, पुडी, कायम होणं. ती मध्ये एकदाही बोलली नाही, त्यामुळे मला वाटेत थांबताच येईना. मग कोपऱ्यातून सुरी घालून चिठ्ठी उचलली, आमचं नाव, आमचा क्रमांक, सबंध निघाली. खाली जोडलेले धागे होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सुईच्या बारीक खुणा. मग चित्र सुलटं केलं आणि कापसाचा बोळा भिजवला. पहिल्या फेरीत बोळ्यावर थोडासा पांढरा आला. अकरा हात चढवायला आठवडा लागला होता, उतरायला चहा थंड होण्याइतका वेळ लागला. खालचं भरण ओलं करून खरवडलं, माझे जोडलेले धागे एकेक सोडवले. खिडकीतला उजेड त्या जागेतून आरपार येऊन टेबलावर पडला. भोक उघडं होतं. मी चित्र तिच्याकडे पाठमोरं धरलं आणि भिंग दिलं. खुणा मोजा, म्हटलं, सात जोड्या आहेत. एकीत निळा तंतूही अडकलाय, माझ्या नजरेतून सुटलेला.

तिने भिंग घेतलं नाही. भोकाजवळ बोट नेलं, टेकवलं नाही. "केवढंसं आहे," ती म्हणाली. "मला वाटत होतं मोठं असेल. एवढ्यासाठी मार खाल्ला त्याने." खाली कुठेतरी शाळेची मुलं आली होती, त्यांचा गलका वर येत होता. ती म्हणाली, "सुई माझ्या हातात होती. मी अकरा वर्षांची होते. बाबांनी विचारलं तेव्हा मी त्याच्याकडे बोट दाखवलं. तो काही बोलला नाही, त्याला वाटलं मी गंमत करतेय. दावा लिहितानाही मी त्याचंच नाव लिहिलं, सवयीने." तिला चित्र हवंच होतं, पण चित्राआधी हे भोक हवं होतं, हे मला तेव्हा समजलं. आणि मी ते एकतीस वर्षं इतकं छान बुजवून ठेवलं होतं की शाबासकीही तिच्याचकडून घेतली होती. मला तिची माफी मागायची होती. शब्द तोंडात फिरले आणि मी उगाच टेबल पुसत राहिलो.

साहेब आले ते जवळजवळ धावतच. कोणीतरी काचेतून बघून कळवलं असणार. त्यांनी भोक पाहिलं, निघालेली चिठ्ठी पाहिली, स्टुलावरची बाई पाहिली. त्यांचा आवाज प्रथमच चढला. हे नुकसान आहे, ते म्हणाले, उद्यापर्यंत भरून भिंतीवर हवं. मी म्हटलं, नुकसान असेल तर आधी नोंद करावी लागेल. आमच्याकडे हानीची वही असते. पहारेकऱ्याच्या बटणाने फ्रेमला ओरखडा गेला तरी त्याच दिवशी तीत लिहावं लागतं. पानांवर क्रमांक छापलेले असतात, पान फाडता येत नाही, आणि दर महिन्याला तिची प्रत थेट समितीपुढे जाते, साहेबांना न विचारता. या नोकरीत मी ती शेकडो वेळा भरली असेन, आणि तिचा मला मनस्वी कंटाळा होता. मी वही काढली. साहेबांना काय चाललंय ते कळायला दोन क्षण लागले. मग ते म्हणाले, लिहा ना, स्वतःचंच नाव लिहा, निवृत्तीच्या तोंडावर. त्यांना वाटलं मी थांबेन.

भरण उतरवल्याचं मी माझ्या नावावर लिहिलं आणि सही केली, उजव्या हाताने. मग त्याखाली, पुढच्या क्रमांकावर, भोकाची नोंद सुरू केली. हानी कोणी केली, असा पहिला रकाना आहे. मी बाईकडे बघितलं. "माझं नाव घाला," ती म्हणाली. "त्याचं नको." तिने सांगितलेलं नाव मी लिहिलं, वय अकरा. हानी केव्हा झाली. तिने वर्ष सांगितलं, महिना सांगितला, दुपार होती म्हणाली. कुठे झाली. तिने घराचा पत्ता सांगितला, रस्ता, मजला, डावीकडचं दार, जेवणाची खोली. साहेब म्हणत होते की हे या वहीत बसत नाही. पण रकाने आमचेच छापलेले होते आणि सगळं बरोबर बसत होतं. शेवटचा रकाना मी नेहमी न वाचता भरतो, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं, आमच्या संस्थेचं नाव. या वेळी तो मोठ्याने वाचला. हानीच्या वेळी वस्तू कोणाच्या ताब्यात होती?

"आमच्या," ती म्हणाली.

मी लिहिलं.